इथपर्यंत

माझ्या थोरल्या मामांइतका पुढच्या काळाला घाबरलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि असलाच तर त्याने कृपा करून आमच्याकडे फिरकू नये, कारण एकाच्याच तावडीतून आम्ही अजून सुटलेलो नाही. जग बुडणार, की जळणार, की तहानेने मरणार, एवढाच काय तो प्रश्न मामांच्या मते शिल्लक आहे. आणि आमच्या खर्ड्याच्या बाजूला बुडण्याइतकं पाणीच नसल्यामुळे पहिला पर्याय ते मोठ्या मनाने इतरांना सोडून देतात. मामा एसटीत कंडक्टर होते. नोकरीभर जामखेडच्या गाड्यांत त्यांनी माणसं भरली, माणसं उतरवली, दारात लोंबकळणाऱ्यांना आत ढकललं, आणि त्यातून त्यांचं ठाम मत झालं की पृथ्वी ही एक एसटी आहे, ती कधीचीच फुल्ल झाली आहे, आणि तरी प्रत्येक फाट्यावर कोणी ना कोणी हात दाखवतंच आहे. "अन् ह्या गाडीच्या मागनं दुसरी गाडी न्हाई," असं ते शेवटी म्हणायचे. लहानपणी जेवताना हे ऐकून मी भोकाड पसरलं होतं. मामी म्हणाली, "पोरीला भाकरी तरी खाऊ द्या, मग बुडवा जग."

मामांचं पाणी पिणं तर बघत राहावं असं. कुणाच्या घरी गेलं की आधी पाण्याचा तांब्या आणि भरलेला ग्लास पुढे येतो. मामा तो ग्लास उचलतात, उजेडात धरतात, आणि ओठाला लावण्याआधी त्यातलं अर्धं पाणी परत तांब्यात ओततात. मग उरलेलं अर्धं सावकाश पितात. घरची बाई बिचारी ओशाळते. "काय झालं दादा, पानी गढूळ हाय व्हय?" "पानी झ्याक हाय. पर नातवंडांला काय ठिवायचं?" आई सांगते, हे वाक्य ते लग्नाआधीपासून म्हणतात. म्हणजे नातवंडं राहू द्या, बायकोचाही पत्ता नव्हता, तेव्हापासून हा माणूस त्यांच्या वाटणीचं पाणी राखत होता! दाढीचं पाणी जास्वंदीला, अंघोळीचं पाणी शेवग्याला, आणि अंघोळ म्हणजे काय, तर अंगाला नुसती पाण्याची बातमी कळवायची. एकदा माझ्या नगरच्या फ्लॅटवर मुक्कामाला आले. पहाटे उठून खाली गेले, इमारतीच्या टाकीचा मुख्य कॉक बघितला आणि बंद करून आले. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ तोंडाला साबण फासलेल्या अवस्थेत जिन्यात उभे राहून वॉचमनला शिव्या देत होते, आणि मामा माझ्या गॅलरीत बसून तृप्त चेहऱ्याने म्हणत होते, "बघ, आत्ताशी कुठं मानसाला पान्याची आठवन झाली."

माझ्या लग्नात तर त्यांनी कहर केला. मामा म्हणून बोहल्यावर माझ्या पाठीशी तेच उभे. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, मी गुरुजींच्या पाया पडले, आणि त्यांनी नेहमीच्या सुरात "अष्टपुत्रा सौभाग्यवती भव" असा आशीर्वाद दिला. गुरुजींच्या गळ्यात माईक होता. मामा त्यावर ओणवे झाले आणि भर मांडवात आवाज घुमला, "आठ? गुरुजी, आठ? पानी तुमी घालनार व्हय?" वऱ्हाड हसून हसून लोळलं. माझ्या सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत, आणि अजून हसलेल्या नाहीत. मामांनी मला आहेर दिला तो स्टीलचा एक ग्लास. आपल्याकडे भांड्यावर नाव घालून देतात तसं त्यावर माझं नाव होतं, आणि नावाखाली, बरोबर ग्लासाच्या मध्यावर, एक आडवी रेघ कोरून लिहिलं होतं, "इथपर्यंत". पुढे आमच्या नात्यातल्या प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत हाच आहेर. जामखेडच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणारा माणूस मामांना लांबून येताना बघितलं की न विचारता मशीन अर्ध्यावर टेकवायचा. आमच्या सगळ्यांच्या घरांत असे ग्लास आहेत, आणि खरं सांगते, पाणी भरताना रेघ आली की हात आपोआप आखडतो. इतका छळवाद त्यांनी करून ठेवलाय.

बारशाला मामांना बोलवावं की नाही यावर दर वेळी घरात दोन तट पडतात. माझ्या लेकीच्या बारशाला आले तेव्हा पाळण्यावर वाकून कितीतरी वेळ तिच्याकडे बघत राहिले. सगळ्या बाया श्वास रोखून उभ्या. शेवटी मामा तिला म्हणाले, "आलीस? बरं, आता आलीयस तर सरकून बस." आणि दुपट्याचा कोपरा तिच्या पायांवर नीट ओढून दिला.

हसून सोडून द्यावं असा हा सगळा प्रकार होता, आणि आम्ही सोडतही होतो. पण गेली काही वर्षं हसू येईनासं झालंय. कारण मामांचं म्हणणं दिवसेंदिवस खरं व्हायला लागलंय, मेलं! त्यांच्या गावाला बोअर पाडायचं म्हणजे आता नुसता धुरळा. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या गाड्या लागतात, निम्मं गाव बिऱ्हाडासकट निघून जातं, आणि मागे राहतात म्हातारी माणसं आणि कुलपं. उन्हाळ्यात टँकर येतो. तो आला की माणसं धावतात ती माणसांसारखी धावत नाहीत. एका उन्हाळ्यात मामा जुन्या सवयीने त्या गर्दीत शिरले. "रांगेत या, रांगेत! सगळ्यांला जागा हाय!" असं ओरडायला लागले. कुणीतरी त्यांना ढकललं. ज्यांच्या बायकापोरांना त्यांनी उभ्या पावसात गाडीत घेतलं होतं, त्यांतलाच कुणीतरी असणार. चष्मा फुटला, कोपर सोलून निघालं. एका बाईची कळशी उलटली आणि सांडलेलं पाणी मातीत जाण्याआधी तिने पदर टाकून तो पिळून घेतला. हे मामांनी मला फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "मामा, लागलं का फार?" तर म्हणाले, "मला काय हुतंय? पर ही नुसती सुरुवात हाय गं. फुडं लई वंगाळ हाय." त्या दिवशी मला त्यांचा राग आला नाही. मला भीती वाटली.

मामांना एकच मुलगा. एकावर थांबायचं हे त्यांनी मामीला न विचारता ठरवलं होतं, आणि त्याबद्दल मामीने त्यांना कधी माफ केलेलं नाही. तिची सगळी आस नातवंडावर. मुलगा पुण्याकडे कंपनीत लागला, तेव्हा मुली बघणं सुरू झालं. मुलगी पाणी घेऊन बाहेर यायची, मामा आपले अर्धा ग्लास परत ओतायचे, आणि मुलीकडच्यांना वाटायचं नकार आला. एके ठिकाणी तर मुलीच्या चुलत्याने हमरीतुमरीच केली. शेवटी काष्टीकडची एक मुलगी बघायला गेलो. मीही होते. मुलगी ट्रे घेऊन आली आणि काय आश्चर्य, ट्रेमधले सगळे ग्लास अर्धेच! मामांनी ग्लास उजेडात धरला, मुलीकडे बघितलं, त्यांचे डोळे भरून आले. "ठरलं," म्हणाले. शिक्षण नाही, पत्रिका नाही, काही विचारलं नाही. लग्नानंतर त्या वहिनीने मला खरं काय ते सांगितलं. उंबऱ्यावर तिचा पाय अडखळला होता आणि निम्मं पाणी ट्रेमध्येच सांडलं होतं. "ताई, आप्पांना सांगू नका हं," म्हणाली. मी कशाला सांगते!

पण पोरगी खरोखरच विचारी निघाली. फार विचारी. लग्नाला चार-पाच वर्षं झाली, मामी दर सणाला गोड बातमीची वाट बघायची, आणि मागच्या दिवाळीत सगळे जेवायला बसलेले असताना मामेभावाने सांगून टाकलं. "आई, आता विचारत जाऊ नकोस. आम्हांला मूल नको. आम्ही दोघांनी ठरवलंय." मामीला आधी कळलंच नाही. तिला वाटलं, यंदा नको. "आत्ता नगं तर नगं, फुडल्या साली..." "कधीच नको," तो म्हणाला. वहिनी खाली मान घालून म्हणाली, "आणायचं कुठं आई? काय हवा, काय पाणी. त्याने मोठं झाल्यावर विचारलं तर काय सांगायचं?" मामेभाऊ मामांकडे वळला. "आप्पा, तुम्हीच सांगत आलात ना जन्मभर?"

वास्तविक मामांना केवढा आनंद व्हायला हवा होता! इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांचं पूर्ण ऐकलं होतं. मामा म्हणाले, "बरूबर हाय." घास तसाच हातात राहिला. मग "बरूबर हाय तुमचं" असं आणखी एकदा म्हणाले आणि आपल्या रेघेच्या ग्लासाकडे हात केला. तेवढ्यात मामी उठली. तिने तांब्या घेतला, मामांच्या ग्लासात पाणी ओतलं, रेघ आली, रेघ गेली, तरी ओततच राहिली, पाणी काठावरून ताटात सांडलं. "प्या," ती म्हणाली. "आता कुनासाठी ठिवायचं?"

त्या दिवसापासून मामी त्यांना काठोकाठ भरूनच ग्लास देते आणि पिऊन होईपर्यंत समोर उभी राहते. आणि मामांनी एक नवीनच उद्योग सुरू केला. ते सुनेला फोन करून चांगल्या बातम्या सांगायला लागले. यंदा पाऊस बरा हाय म्हनं. शेजाऱ्याच्या बोअरला पानी लागलं. शेवग्याला काय शेंगा आल्यात! जपानात मानसं कमी पडायला लागलीत, शाळा रिकाम्या हायेत, गाडी काय इतकी बी फुल्ल न्हाई. यातलं शेजाऱ्याच्या बोअरचं धादांत खोटं होतं. मूल या शब्दाचा त्यांनी चुकूनही उच्चार केला नाही. नुसत्या बातम्या सांगायचे आणि फोन ठेवायचे. वहिनी मला म्हणाली, "ताई, जग बुडणार म्हणायचे तेव्हा एवढं वाटत नव्हतं. आता आप्पा सगळं चांगलं आहे म्हणतात ना, तर मला जास्तच भीती वाटते."

यंदा मे महिन्यात मी खर्ड्याला गेले होते. दोन दिवस टँकर आलेला नव्हता. मामा ओसरीवर पडून होते. जगाविषयी एक शब्द नाही. मलाही म्हणाले, "आंबा बरा हाय यंदा." मला इतकं वाईट वाटलं की मनात आलं, मामा, एकदा तरी बुडवा हो जग! दुपारी त्यांना गोळी घ्यायची होती, ती त्यांच्या कंडक्टरकीच्या पत्र्याच्या पेटीत असते. मी पेटी उघडली. गोळ्यांच्या पाकिटाखाली खाकी रुमालात काहीतरी गुंडाळलेलं होतं. बघते तर लहान मुलाचा असतो तसला, बोटभर उंचीचा स्टीलचा ग्लास. कोरा करकरीत. त्यावर "चि." एवढंच कोरलेलं आणि पुढे नावापुरती जागा मोकळी. मी रेघ शोधली. मध्यावर नव्हती. ती पार वर होती, ग्लासाच्या काठाला लागून, आणि तिथे बारीक अक्षरात लिहिलं होतं, "इथपर्यंत".

मामी कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. "मामी, हा कुणाचा गं?" तिने ग्लास हातात घेतला, दाराच्या उजेडात नेला, फिरवून फिरवून बघितला. अक्षरावरून बोट फिरवलं. "कवा केला हा?" तिने ओसरीकडे बघून विचारलं. मामा उठून बसले होते. "पोराच्या लग्नातच. सूनबाईचा करायला टाकला तवाच," म्हणाले. मग घाईघाईने म्हणाले, "त्यात पानी नको देऊस. उष्टा व्हईल."

मामीने पदराने ग्लास पुसला, रुमालात होता तसा गुंडाळला आणि पेटीत ठेवून दिला. मग माठापाशी गेली, मामांचा ग्लास घेतला आणि पाणी ओतायला लागली. दिवाळीपासून जो हात काठापर्यंत थांबत नव्हता, तो रेघेवर थांबला. "घ्या गोळी," ती म्हणाली. मामांनी सवयीने ग्लास उजेडात धरला. परत ओतण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांनी मामीकडे बघितलं आणि होतं तेवढं सगळं पिऊन टाकलं.