फुकट डाव

खानावळवाल्या मावशीने मला जगवलं, हे आधी सांगतो. बाकीचं त्यानंतर.

सातवीत शाळा सोडून मी कोकणातून लालबागला आलो, तेव्हा संप मोडून काही वर्षं झाली होती. मावशीच्या खोलीत एके काळी वीस-वीस गिरणी कामगार पंगतीला बसायचे. माझे वडील त्यांतलेच. संपात ते गावी गेले ते परत आलेच नाहीत. पंगतीत आता चारच माणसं उरली होती, तरी तिने पाचवं ताट माझ्यासाठी मांडलं. मी संकोचलो की म्हणायची, "आधी जेव रे झिला, मगे शाणपण शिकव."

पुढे नाक्यावर व्हिडिओ गेमचं दुकान निघालं आणि मशीनवर लक्ष ठेवायचं काम मला मिळालं. पडद्यावर माणसं एकमेकांना ठोकायची, रक्त उडायचं, पोरं टाळ्या पिटायची. मावशीचा मुलगा तेव्हा बारा वर्षांचा. तो पहिल्यांदा आला तेव्हा मी त्याला हाकललं. दुसऱ्या दिवशी मावशीच त्याला हाताला धरून घेऊन आली.

"हेका हय बसांदे. भायर भाईची पोरां उभी ऱ्हवतत. हय तुझ्या नजरेसमोर तरी ऱ्हवात."

"मावशी, इथे नुसती मारामारी असते."

"खोटीच मा? मगे असांदे."

मला बरंच वाटलं. तिच्या ताटाची परतफेड करायची वाट सापडली, असं वाटलं. मशीनचं दार चावीने उघडून आतली पट्टी दाबली, की नाणं न टाकता डाव सुरू व्हायचा. मी त्याला रोज असे फुकट डाव देऊ लागलो. तो शाळा बुडवून येतोय हे कळलं, तरी देत राहिलो. मावशीला सांगायची छाती झाली नाही.

मग चाळीत सभा भरली. एक निवृत्त कारकून म्हणाले, "सरकारने अशी दुकानं बंदच केली पाहिजेत."

"करतील की," कठड्याला टेकलेला एक बेकार गिरणी कामगार म्हणाला. "गिरण्यांवर हात बसलाय त्यांचा."

सगळे हसले. शेजारीण मावशीकडे वळली. "तुमचा मुलगा तर तिथेच मुक्कामाला असतो. आईबापांनी नको बघायला?"

"मी दिवसभर भाकऱ्यो भाजतंय. त्येका कोण बघतला, तुमी?"

कारकुनांनी अर्जाचा कागद सह्यांसाठी फिरवला. मी मागच्या मागे दुकानाकडे सटकलो.

अर्ज गेला. पोलीस आले, मशीन टेम्पोत चढवून घेऊन गेले. मुलगा दोन दिवस बंद शटरसमोर बसून होता. तिसऱ्या दिवशी नाक्यावर भाईच्या पोरांत दिसला. मी हाक मारली तर म्हणाला, "तुझ्याकडे आता आहे काय?"

वर्ष व्हायच्या आत त्याने एका भाजीवाल्यावर चाकू चालवला. बालसुधारगृहात गेला. सुटला तो घरी आलाच नाही.

तो गेमने बिघडला की गेम बंद झाल्यामुळे, मला आजही सांगता येत नाही. चावी माझ्या हातात होती, एवढंच ठाऊक आहे. त्याला पकडून नेलं त्या दिवशीही मावशीने माझं ताट मांडलं. एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता ती गावी एकटी असते. मी अजून इथेच. फोनवर ती एकच विचारते, "तो खय दिसलो काय रे?" मी नाही म्हणतो. फुकट डावांचं अजून सांगितलेलं नाही. पण मावशी, तो जिथे असेल तिथून एक दिवस त्याला तुझ्या पडवीत आणून बसवीन, आणि त्याच्यासमोरच तुला सगळं सांगेन.