जुन्यावर नवं चढवताना

“बसलं ना? छान. आता काढून दाखवा.”

चष्मा कपाळावर सरकवून ते असं म्हणाले, की आपला अख्खा दिवस गेला म्हणून समजायचं. तुमच्याही ऑफिसात असा एखादा छळवादी माणूस असेल. वाघोलीच्या अलीकडे आमच्या ऑफिसात हे होते.

आमचं काम म्हणजे पहारेकरी बनवणं. लोकांच्या कॉम्प्युटरवर आमचं सॉफ्टवेअर बसतं आणि काही बिघडलं की ओरडतं. पण हे कॉम्प्युटर ज्यावर चालतात ते लिनक्स म्हणजे काही एक नाही. त्यात ढीगभर घराणी, आणि प्रत्येकाची रीत निराळी. म्हणून एकाच सॉफ्टवेअरची प्रत्येकासाठी वेगळी पॅकेजं बांधायची. ती ते बांधत आणि मी त्यांच्या हाताखाली शिकत होतो.

“अहो, बसवतं कोणीही. पाहुणा कसा होता ते तो गेल्यावर घर बघून कळतं,” ते म्हणत. मग पॅकेज काढायचं आणि मागे एखादी फाइल राहिली का ते शोधत बसायचं. राहिलेली असायचीच!

चाचणीची जुनी मशीनं त्यांनी भिंतीलगत मांडली होती. प्रत्येकावर त्यांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी होती. ‘मानी आहे. विचारून करावे.’ ‘घाई चालत नाही.’ एकदा नव्या साहेबांनी विचारलं, सगळ्यांना मिळून एकच पॅकेज नाही का चालणार? हे शांतपणे म्हणाले, “चालेल की. आपण घरात सगळ्यांना मिळून एकच चप्पल आणता का?”

साहेब हसले नाहीत. ते त्यांनी लक्षात ठेवलं असावं, असं मला नंतर वाटलं.

जुन्या पॅकेजवर नवं चढवण्याची गंमतही त्यांनीच मला समजावली होती. काही घराण्यांत जुनं आधी बाहेर पडतं, मग नवं येतं. काहींत नवं आधी येऊन बसतं आणि जुनं मागाहून जातं. “आणि जाताना मेन स्विच पाडून जातं. नवा भाडेकरू बसला अंधारात! म्हणून जाणाऱ्याला आधी बघायला लावायचं, घरात कोणी आहे का. समजलं?”

समजलं, म्हणालो. डोंबल समजलं होतं.

बहिणीच्या ऑपरेशनसाठी ते दोन दिवस सोलापूरला गेले. अडलं तर असावा म्हणून स्वतःचा पासवर्ड मला देऊन गेले. नियमात बसत नव्हतं, पण विश्वास होता. “जुन्यावर चढवून बघितल्याशिवाय काही पाठवू नका,” एवढं मात्र दोनदा बजावलं. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी घाई लावली. एका घराण्यासाठी लिहिलेली, जुनं काढायच्या सूचनांची स्क्रिप्ट मी दुसऱ्याला जशीच्या तशी लावली, कोऱ्या मशीनवर बसवून बघितली आणि पॅकेज पाठवून दिलं. जुन्यावर चढवायचं विसरलो नव्हतो. कंटाळा केला. बांधलं त्यांच्याच कॉम्प्युटरवरून, त्यामुळे बांधणारा म्हणून त्यावर नाव त्यांचं लागलं.

ते पॅकेज एका गावच्या रक्तपेढीत गेलं. नवं बसलं, जुनं जाताना त्याला बंद करून गेलं. पुढे त्याच्या पहाऱ्यातला रक्ताचा फ्रीज बिघडला तेव्हा ओरडायला कोणी नव्हतं. शिबिरात लोकांनी दिलेलं सगळं रक्त फेकावं लागलं. सुदैवाने कोणी दगावलं नाही, असं मी स्वतःला अजून सांगतो.

मीटिंगमध्ये साहेबांनी त्यांना विचारलं, “रजेवर जाताना अर्धवट पॅकेज बांधून गेलात?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही हो, रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. मी समोरच्या वहीत रेघा मारत राहिलो. मग ते म्हणाले, “पॅकेजवर नाव माझं आहे. जबाबदारी माझी.” त्याच आठवड्यात त्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला.

महिन्याभराने मी खडकीला त्यांच्या घरी गेलो. सगळं बोलून टाकायचं ठरवलं होतं. वहिनी चहा ठेवून आत गेल्या. मी कशीबशी सुरुवात केली, तर त्यांनी हात वर केला.

“मला काय सांगताय? मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही, त्यांना सांगा.”

“उद्याच सांगतो,” मी म्हणालो.

“बघा बुवा,” ते म्हणाले आणि बशी माझ्याकडे सरकवली.

उद्या काही उजाडला नाही. वर्ष होत आलं. ते आता कुठे काम करतात, करतात की नाही, मला माहीत नाही. फोन करायचं तोंड नाही.

त्यांच्या जागी एक बाई आल्या आहेत. हुशार आहेत. परवा भिंतीलगतच्या चिठ्ठ्या वाचून त्या मनापासून हसल्या. “केवढं बारीक काम होतं यांचं! पण सर, रक्तपेढीचा घोळ घातला ते हेच ना?”

खोलीत आम्ही दोघंच होतो. मला कोणाची भीती नव्हती, कसली घाई नव्हती.

“हो,” मी म्हटलं, “हेच ते.”