जिनिंगच्या धुळीवर ढकललेली सावली

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो — कारण आता माझ्याच्यानं पोटात ठेववत नाही.

पण आधी माझं वेड ऐका. कोणाच्या छतावर सोलर पॅनलमधून किती वीज निघेल, याचा अंदाज काढणं हा माझा धंदा. गच्चीवर चढलो, टेप धरला, दक्षिण कुठली ते पाहिलं की अंगात वारं भरतं! इतके पॅनल, इतकं ऊन, म्हणजे रोजचे इतके युनिट — आणि पुढे मीटरवर तोच आकडा उमटला की काय सांगू! आजही तसंच होतं.

दिग्रसच्या शमीमचाची माझं पहिलं गिऱ्हाईक. कपडे शिवतात. गुडघे दुखतात म्हणून मशीनला मोटार लावलेली. मी गेलो तो मे महिना, भर दुपार, आपल्याकडचं ते ऊन! सूर्य थेट डोक्यावर. दक्षिणेला शेजाऱ्यांचा वरचा मजला होता, पण सावली? कुठाय सावली? छाती ठोकून सांगितलं — रोजचे बारा युनिट, बाराही महिने! हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि तीच भिंत लांब सावली टाकते, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी त्या जोशात विसरलो. पण ती चूक झाली. चूक कोणाची होत नाही? सांगायचंय ते पुढचं.

डिसेंबरात आकडा सातावर आला. चाचींनी बोलावलं. वर गेलो आणि एका नजरेत कळलं — दक्षिणेकडची पूर्ण रांग सावलीत. पॅनल मागे सरकवायचे, दिवसभराचं काम. पण मग पहिलाच अंदाज फसला म्हणून गावभर झालं असतं ना? तेवढ्यात काचेवर कापसाचे बारीक तंतू दिसले. गावातल्या जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, हंगाम ऐन भरात होता. मी बोलून गेलो — चाची, ही जिनिंगची धूळ आहे, रोज पुसत जा.

आणि त्या पुसू लागल्या. रोज सकाळी, लोखंडी शिडी चढून, त्याच गुडघ्यांनी.

मार्चमध्ये सूर्य वर सरकला, सावली हटली, आकडा आपोआप चढला. चाचींचा फोन आला — काय तो आनंद! "पाह्य बेटा, पुसू पुसू कसा चढवला म्या आकडा!"

मी काय केलं असेल? शाबास म्हणालो. वर त्यांच्या घरी जाऊन शेवया खाऊन आलो.

याला चार हिवाळे झाले. दरवेळी सांगायला जातो आणि चहा पिऊन परत येतो. परवा भेटल्या. डॉक्टरांनी गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलंय — लवकर करा म्हणून. चाचींनी पुढे ढकललंय. जिनिंग सुरू आहे, पॅनल कोण पुसणार, म्हणाल्या.

मी मान डोलावली.