पडद्यामागून आलेली कडवी

त्या संध्याकाळचं निवेदन मी करत होतो. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर नेहमीसारखा मांडव कसा होता, पाऊस कसा भुरभुरत होता हे सांगत बसेन आणि मुद्द्यापाशी आलो की चहा मागवीन. इतकी वर्षं हेच करत आलोय. बायकोला अर्धीच गोष्ट माहीत आहे. मुलांना तेवढीही नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यातली ही गोष्ट. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा गणपती बसायचा आणि गौरीपूजनाच्या दिवशी संध्याकाळी विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम व्हायचा. लोखंडी पिंपांवर फळ्या टाकून स्टेज, मागं निळा पडदा, पडद्यामागं चढायला लाकडी पायऱ्या. शाळेच्या पोरांचं लेझीम, कॉलेजच्या पोरांचा कॅसेटवरचा डान्स, पलीकडच्या तालमीचा लाठी-दांडपट्टा, म्हाताऱ्यांचं भजन, आणि शेवटाकडं गल्लीतल्या बायकांची गौरीची गाणी आणि झिम्मा. मला वक्तृत्वात दोन बक्षिसं मिळालेली, त्यामुळं माइक माझ्याकडं. घरात हाय-न्हाय बोलणारा मी माइक हातात आला की 'रसिक श्रोतेहो' म्हणायचो. लोकांना ते आवडायचं. मला त्याहून जास्त आवडायचं.

त्याच्या आदल्या वर्षी माझी बहीण, आमची आक्का, कबनूरहून कायमची परत आली होती. तिचा नवरा तिथं यंत्रमागावर कामाला होता. पाळी संपवून सायकलवरून घरी येताना ट्रकनं उडवलं. मूलबाळ नव्हतं. दिवसकार्य झाल्यावर सासरच्यांनी एक पत्र्याची ट्रंक आणि तिला आमच्या दारात आणून सोडलं. अठ्ठावीस वर्षांची होती. आई बारा वर्षांपूर्वीच विधवा झालेली. ती सणासमारंभाला घराबाहेर पडायची नाही, आणि ते आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या डोक्यात यायचं नाही. आता घरात अशा दोघी झाल्या. आक्का भांडी घासायची, आईचे पाय चेपायची आणि विचारलं तेवढंच बोलायची.

शेजारच्या काकू गल्लीतल्या बायकांच्या पुढारी. आवाज असा, की वरच्या मजल्यावरून हाक मारली तर कोपऱ्यावरचा भाजीवाला वळायचा. आषाढात एके दिवशी त्या थेट आमच्या मोरीपाशी येऊन उभारल्या.

"काय म्हणालतीस गं आत्ता?"

"कुठं काय," आक्का म्हणाली.

"मला काय भैरी समजतीस? गौराईचं गाणं म्हणालतीस. सगळं. आमच्यात एकीला दोन कडव्यांच्या पुढं येत न्हाय. उद्यापास्नं चार वाजता वर गच्चीवर यायचं."

"मी कशी येऊ, काकू?"

"जिन्यानं ये."

आणि दुसऱ्या दिवशी आक्का गेली. आईकडून ऐकलेली गाणी तिला सगळी पाठ होती, आईला विस्मरण झालेली कडवीसुद्धा. शंभर पानी वहीत तिनं ती उतरवून काढली, पण इतर बायकांना वाचून म्हणायला जमेना, म्हणून ठरलं की आक्का कडवं उचलणार आणि बाकीच्या झेलणार. तालमी दीड महिना चालल्या. संध्याकाळी घरी आलो की वरून दणदण आवाज यायचा आणि त्यावर काकूंच्या तोंडाचा पट्टा.

"अगं, फुगडी घालालीस का गिरणीत दळाय आलीस?"

"काकू, पाय घसराल्यात, शेवाळ हाय."

"पाय न्हाय, ध्यान घसरलंय तुझं. नवरा गावाला गेलाय ना."

हसणं उसळायचं, आणि त्या हसण्यात एक आवाज आक्काचा असायचा. मी जिन्यात थांबून ऐकायचो. आई खाली चुलीपाशी बसून ऐकायची. आम्ही एकमेकांशी त्याबद्दल बोललो नाही.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी निवेदनाचे कागद लिहीत बसलो होतो. आक्का येऊन दाराला टेकली.

"मी माइकसमोर उभारू का रं खरंच? लोकं काय म्हणतील?"

"काय म्हणत न्हाईत."

"काकू म्हणत्यात उभार. त्यांचं काय, त्यांना कोण बोलतंय. कोण काय बोलाय लागलं तर आधी मला सांग. मी मागच्या मागं घरी येतो."

"मी हाय की," मी म्हणालो.

हे माझं वाक्य. मान वर करून बोललो नाही, लिहिता लिहिता बोललो, पण बोललो.

कार्यक्रम सात वाजता सुरू झाला. चौक भरला होता, माड्यांवर माणसं होती. लेझीम झालं, डान्सला शिट्ट्या पडल्या, दांडपट्ट्यावाल्यानं डोळे बांधून लिंबू कापलं. भजन सुरू असताना मंडळाचे अध्यक्ष पडद्यामागं आले. वाईट माणूस नव्हे. वडील गेले तेव्हा सगळ्यात आधी धावत आलेले हेच. माझ्या खांद्यावर हात टाकून ते हळू आवाजात म्हणाले, "म्हाताऱ्या बायका कुजबुजाय लागल्यात. गौराईची गाणी हायत, सवाष्णींची. तुझी बहीण म्हणजे माझी पोरगीच. पण सणाचा दिवस हाय. तिला मागं बसू दे. तू सांग. तू घरचा हायस."

मी म्हणायला हवं होतं, की काका, दीड महिना गच्चीवर कोण शिकवत होतं? किंवा निदान काकूंना हाक मारायला हवी होती. काकूंनी अध्यक्षांना दोन मिनिटांत स्टेजवरून उतरवलं असतं. माझी नोकरी अध्यक्षांच्या हातात नव्हती, त्यांचे पैसे आम्ही देणं लागत नव्हतो. तसं काही असतं तर लिहायला सोपं गेलं असतं. मला फक्त कार्यक्रम नीट पार पडायला हवा होता. सव्वा तास टाळ्या मिळत होत्या आणि त्यात कुणी आरडाओरडा करायला नको होता. कुजबुजणाऱ्या बायका कोण, हे मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही. होत्या की नव्हत्या, देव जाणे.

पायऱ्यांपाशी बायका रांगेनं उभ्या होत्या. हिरव्या साड्या, नथी, गजरे. आक्का सगळ्यात शेवटी, आईच्या जुन्या राखाडी साडीत, वही छातीशी धरून. काकूंनी तिच्या केसांत गजरा माळायचा प्रयत्न केला होता, तो तिनं काढून मनगटाला गुंडाळला होता. मी तिच्यापासून चार पावलांवर होतो. चार पावलं जाऊन तिच्या कानात सांगायचं एवढंच काम होतं. तिनं तेच तर मागितलं होतं.

मी माइककडं गेलो.

"रसिक श्रोतेहो," मी म्हणालो, "आज गौराई माहेरी आली आहे. तिच्या स्वागतासाठी आपल्यासमोर येत आहेत, आपल्या गल्लीतील सर्व सवाष्ण भगिनी."

सवाष्ण हा शब्द माझ्या कागदावर नव्हता. तो मी तिथं घातला, आणि जरा थांबून, ठासून म्हटला. अध्यक्षांना ऐकू जावा म्हणून आणि आक्काला कळावं म्हणून. खांबाखांबांवर भोंगे होते. सगळ्या पेठेला ऐकू गेला.

बायका चढल्या. आक्काचा एक पाय पायरीवर होता, तो तिनं खाली घेतला. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. वही घेऊन पडद्यामागं एका उपड्या पिंपावर बसली. काकूंना रिंगण धरल्यावर लक्षात आलं. त्यांनी मागं वळून हातानं दोनदा बोलावलं, आक्कानं मान हलवली. समोर हजारभर माणसं. काकूंनी मग पहिलं कडवं स्वतःच उचललं.

पहिलं निघालं. दुसरं कसंबसं निघालं. तिसऱ्याला बायका थांबल्या. झिम्म्याचे हात तसेच वर, पाय जागच्या जागी, आणि तोंडात शब्द नाही. पुढं कुठल्यातरी पोरानं शिट्टी मारली. मी माइक उचलून काहीतरी गोड बोलून सावरून घ्यायच्या बेतात होतो, तेवढ्यात पडद्यामागून आवाज आला. मोठा नाही. कडव्याचे पहिले तीन-चार शब्द, चालीवर. काकूंनी ते झेलले आणि रिंगण फिरायला लागलं.

पुढची सगळी कडवी तशीच झाली. गौराई माहेरी येते, तिला काय हवं-नको विचारतात, भाजीभाकरी, पुरणपोळी, आणि तिसऱ्या दिवशी पाणवठ्यावर तिची पाठवणी. एकेका कडव्याचं तोंड पडद्यामागून यायचं आणि स्टेजवरून उरलेलं जायचं. माझ्या आणि तिच्यात एक कापड होतं. पुढच्या लोकांना तिचा आवाज गेला नसेल. मला एकेक शब्द ऐकू आला. एकदाही तिचा सूर हलला नाही. तो हलला असता तर मला बरं वाटलं असतं.

टाळ्या भरपूर पडल्या. मंडळानं प्रत्येकीला नारळ आणि ब्लाउजपीस दिलं. काकू खाली उतरल्या आणि माझ्यासमोर येऊन उभारल्या. मला वाटलं, आता चौकात तोंडात मारतील. त्या नेहमीपेक्षा हळू म्हणाल्या, "लई गोड बोलतोस रं तू. असाच मोठा हो." त्यानंतर बारा-तेरा वर्षं आम्ही शेजारी राहिलो, पण त्या माझ्याशी कामापुरतंच बोलल्या.

मी उरलेला कार्यक्रम केला. आभारही मानले.

घरी गेलो तेव्हा आक्का ताटं घेत होती. आई भिंतीला टेकून बसली होती. आमच्या खिडकीपासून भोंगा तीस पावलांवर होता.

"आवाज नीट येत नव्हता आज," आई म्हणाली. "काय बी कळलं न्हाय."

आक्का म्हणाली, "वारं होतं." मग माझ्या ताटात भाजी वाढताना म्हणाली, "निवेदन चांगलं झालं."

मी जेवलो. तेही सांगायला हवं. दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशीपासून ती पुन्हा विचारलं तेवढंच बोलायला लागली. पुढच्या आषाढात काकू बोलवायला आल्या तर म्हणाली, घसा बसलाय. त्या वर्षी बायकांनी कॅसेट लावून झिम्मा खेळला. आणखी वर्षभरानं कुणाच्या तरी ओळखीनं तिला गडहिंग्लजला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं आणि ती तीच ट्रंक घेऊन गेली. स्टँडवर सोडायला मीच गेलतो. आई थोड्या वर्षांनी वारली. आक्का आली, तेरा दिवस राहिली, गेली.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी वसतिगृहाच्या स्नेहसंमेलनाला गेलो. तिनं बोलावलं नव्हतं. मुलींच्या रेक्टरबाईंनी तिच्याकडून नंबर घेऊन घरच्यांना म्हणून फोन केला होता. मुलींनी नाच केले, नाटुकलं केलं, एकीनं कानडीत गाणं म्हटलं. शेवटी बारा-पंधरा मुली रिंगण धरून उभ्या राहिल्या आणि त्यांनी गौरीची ती गाणी म्हटली, सगळी कडवी, एकदाही न अडखळता. निवेदन करणारी पोरगी म्हणाली, "हे आम्हाला आमच्या आक्कांनी शिकवलं," आणि टाळ्या पडल्या. आक्का स्वयंपाकघरात होती. पाहुण्यांसाठी पुऱ्या तळत होती. मी जाऊन सांगितलं, तुझं नाव घेतलं. ती म्हणाली, "व्हय? बरं. दोन पुऱ्या खाऊन जा."

ती मला स्टँडवर सोडायला आली. कोल्हापूरच्या गाडीला उशीर होता. बाकावर शेजारी बसलो होतो, समोर बघत. तेव्हा मी पहिल्यांदा विषय काढला. म्हणालो, "आक्का, त्या वर्षी माझं चुकलं. तुला म्हटलं होतं मी हाय, आणि..."

"तुला कुणी सांगितलं असंल," ती म्हणाली. "ते कळलं मला तेव्हाच."

"अध्यक्षांनी."

"व्हय. तू चार पावलं येऊन कानात म्हणाला असतास, 'आक्का, नको', तर वही काकूंच्या हातात दिली असती आणि गेलो असतो घरी. मला काय सवय नव्हती? माइकवरनं कशाला सांगितलंस?"

"तुझ्या तोंडावर सांगायचा धीर झाला न्हाय."

"आणि चौकात झाला."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर मला रडता आलं असतं. ती मान वाकडी करून गाडीची पाटी वाचत होती. म्हणाली, "ही निपाणीची. तुझी मागनं येईल."

तुझी मागनं येईल, एवढंच. मग आम्ही तिच्या गुडघ्यांबद्दल बोललो.

आक्का अजून गडहिंग्लजलाच आहे. आता स्वयंपाक होत नाही, पण वसतिगृहानं तिला ठेवून घेतलंय. मुली तिच्या खोलीत जमतात आणि ती त्यांना शिकवते. रेक्टरबाई सांगतात की आवाज अजून तसाच आहे. गेल्या गौरीला मी फोन केला आणि इकडचं तिकडचं झाल्यावर म्हटलं, "आक्का, एक कडवं म्हण की. नुसतं एक."

"आठवत न्हाय आता," ती म्हणाली.

मी बरं म्हटलं. तिच्या मागं खोलीत मुली गात होत्या. एक अडखळली. आक्कानं फोनवर हात ठेवला, तरी मला कळलं की ती पुढचे शब्द सांगतेय. मग हात काढून म्हणाली, "ठेवतो आता. कामं हायत."