शेजारच्या घरचं ताट

नवीन जालन्याच्या टोकाला, स्टेशन मागं टाकून पुढं आलं की आमची कॉलनी लागते. पाहुणे आले की पहिलं म्हणतात, "काय गार आहे हो तुमच्याकडं!" आहेच गार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी कडुलिंब, करंज, मधे एखादा गुलमोहर. त्यातली निम्मी झाडं शेजारच्या काकांनी लावलेली, टँकरच्या दिवसांत भांडी धुतलेलं पाणी घालून जगवलेली. या सावलीचं कौतुक मीही करते. पण त्या सावलीत आम्ही कसे वागलो, ते कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते.

काका गेल्या उन्हाळ्यात सकाळी चहा पिता पिता गेले. एकुलती मुलगी परदेशात, तिला पोचायला दोन दिवस. परतूरहून पुतण्या आला, त्यानं अग्नी दिला, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली म्हणून संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. घरात राहिल्या काकू आणि त्यांची म्हातारी नणंद.

आमच्यात मयताच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात, समोर बसून बळंच दोन घास खाऊ घालतात. माझ्या माहेरी, वडीगोद्रीकडं, हे कोणी कोणाला सांगत नाही. मागच्या घरची सून आपोआप काटवटीत पीठ घेते. इथं माझी सासू गेली तेव्हा काकूंनीच ताट आणलं होतं. "खा गं, रडायलाबी ताकद लागती," म्हणाल्या होत्या.

आणि त्या दिवशी मी काय केलं? स्मशानातून येणाऱ्यांसाठी लिंबाचा पाला तोडून ठेवला, पाण्याच्या बादल्या भरल्या, काकूंना धरून बसले. दिवेलागणीला घरी आले, डोक्यावरून पाणी घेतलं, खिचडी लावली. आमच्या ह्यांनी विचारलं, "तिकडं भाकरी नेली का कोणी?"

"कोपऱ्यावरच्या वहिनींनी नेली असंल. त्यांच्या नात्यातल्याच हायेत त्या," मी म्हणाले. आणि जेवले. चांगली पोटभर जेवले, लाज वाटते सांगायला.

सकाळी चहा घेऊन गेले. ओट्यावर ना कोणाचं ताट, ना खरकटं. मी विचारलं, "काकू, काल काय खाल्लं?" नणंदबाईच म्हणाल्या, "पाणी पेलो बाई. कोणी आलंच न्हाई."

तशीच कोपऱ्यावर गेले आणि वहिनींवर भडकले. त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं माय! मला वाटलं तू नेली असशील. तुमची तर भिंतीला भिंत!" समोरचीला विचारलं, तर तिला वाटलं आम्हा दोघींपैकी कोणीतरी. सगळी घरं खेड्यातून आलेली, प्रत्येकीला रीत तोंडपाठ. गावात कोणी न्यायची हे ठरलेलं असतं. इथं एवढी वर्षं राहून आम्ही ते कधी ठरवलंच नव्हतं. आणि मी कोणाच्या नावानं बोंब मारत होते? मला तर ह्यांनी विचारलंही होतं!

घरी येऊन पिठलं टाकलं, ज्वारीच्या चार भाकरी थापल्या. घाईघाईत एक भाकर तव्यावरच मोडली. ताट झाकून नेलं, काकूंसमोर ठेवलं आणि त्यांचे पाय धरले. "काकू, चुकलं माझं. लई मोठं चुकलं."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पहिला घास त्यांनी नणंदेला दिला, मग स्वतः एक तोंडात घातला आणि बराच वेळ चावत बसल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हे कव्हाचे म्हणून राह्यलते, गावाकडं जाऊ, तिथं आपली मान्सं हायेत. मीच न्हाई म्हणले. म्हणले, इथं शेजार हाय आपल्याला."