मधल्या भिंतीला ओल

तारा काकू गेल्या हे सांगायला त्यांचा पुतण्या गावाहून आला, तेव्हा त्याच्या हातात फणसपोळीची पिशवी होती. "काकीने तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली होती," म्हणाला. थंडीत न्यूमोनिया झाला, आधीच आखडलेल्या फुप्फुसांना तो झेपला नाही. मी रडले... आणि रडता रडता पिशवीत हात घातला. काकू असत्या तर म्हणाल्या असत्या, "आधी खा, मगे रड."

मी भंडाऱ्याकडची. सहावीत शाळा सुटली आणि पुढे लग्न होऊन अंधेरीच्या या चाळीत आले. नवरा साकीनाक्याला कारखान्यात, मी दिवसभर एकटी, कुणी दार वाजवलं तरी घाबरणारी. नवी नवी असताना एकदा भांडी घासत रडत होते, तर माझ्या आणि शेजारच्या तारा काकूंच्या खोलीमधल्या भिंतीवर टकटक झालं. पलीकडून आवाज आला, "चाय टाकलंय, ये गो. रडान चाय थंड होता." तेव्हापासून रोज सकाळी ती टकटक. काकांच्या माघारी काकूंनी त्यांची कबुतरं सांभाळली होती. गॅलरीच्या टोकाला खुराडं होतं. पदर खोचून काकू ते झाडायच्या, पिसं आणि पांढरी धूळ उडायची, आणि प्रत्येक कबुतराला नावानिशी शिव्या मिळायच्या.

मग काकूंना खोकला लागला. कोरडा, ठसका थांबेचना. जिना चढताना धाप. थुंकीत काही सापडलं नाही, तरी क्षय समजून औषधं सुरू झाली. मोकळ्या हवेत बसा, असंही सांगितलं. आता चाळीत मोकळी हवा कुठे? गॅलरीच्या टोकाला! आम्ही साऱ्या बायकांनी मिळून काकूंची खाट उचलली आणि थेट खुराड्याला टेकवून मांडली. काकू आणखी खंगल्या. गणपतीत मात्र गावी गेल्या आणि तिथे चक्क फुगडी घालून, पकव्याचा, म्हणजे फुगडीत तोंडाने धरायच्या ठेक्याचा, दम धरून आल्या. इथे परतल्या की आठवड्याभरात पुन्हा खाटेवर. "गावच्या पाण्याचा गुण," आम्ही ठरवून टाकलं. मला मात्र झोप लागेना. भिंतीपलीकडचा खोकला थांबला तरी भीती, नाही थांबला तरी भीती.

शेवटी मीच हट्टाने त्यांना घाटकोपरच्या एका छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक्स-रे खिडकीशी धरला आणि समजावलं. फुप्फुसात हवेच्या बारीक पिशव्या असतात. बिघाड पिशवीच्या पोकळीत नाही, त्यांच्या मधल्या नाजूक पडद्यांत आहे. त्यांना सूज आली की ते जाड होतात, मग हवा आत आली तरी तिच्यातला प्राणवायू रक्तापर्यंत नीट पोचत नाही. सूज जुनी झाली की तिथे वण पडतात आणि फुप्फुस आखडतं.

"म्हणजे खोली झकास, पण मधल्या भिंतीक ओल इली!" काकू म्हणाल्या. डॉक्टर हसले. म्हणाले, अगदी तसंच. पण ओल येते कुठून, ते शोधायला हवं. कुणाला दगडाच्या धुळीने होतं, कुणाला एखाद्या औषधाने, कुणाला सांध्यांच्या दुखण्यातून. कधी कारण सापडतच नाही.

"गावी बरं वाटतं ना? मग इथे असं काय आहे, जे गावी नसतं?"

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "गावाक ही नसता!"

मी घाबरून म्हणाले, "आणि कबुतरं..."

माझ्याकडे दाखवलेलं बोट काकूंनी खाली घेतलं. इतके दिवस सगळ्यांनी विचारलं होतं ते कामाबद्दल, आणि कबुतरं काही काम नव्हतं. ती घरची माणसं होती. डॉक्टर म्हणाले, पिसांची आणि विष्ठेची ती धूळ सगळ्यांना बाधत नाही, काकूंच्या शरीराने मात्र तिच्याशी वैर धरलंय. गोळ्यांनी सूज उतरेल, पडलेला वण जाणार नाही. पण कबुतरं गेलीच पाहिजेत.

ती साकीनाक्याच्या एकाला दिली. आम्ही परत येतो तर सगळी आमच्या आधी गॅलरीत हजर! "मेल्यांनू, माझ्या आधी पोचलात?" काकू हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मग मुलुंडच्या एका हौशी माणसाने ती नेली आणि रुळेपर्यंत कोंडून ठेवली. तरी पुढे एकदा राणी नावाची पांढरी मादी आलीच. काकूंनी खिडकी लावून घेतली आणि भिंतीआडून विचारलं, "इली काय गो?"

"आली."

"दाणे घालू नको..." थोड्या वेळाने, "पाणी तरी ठेव."

मी पाणी ठेवलं. राणी प्यायली, रिकाम्या खुराड्यावर जरा बसली आणि उडाली. पुन्हा आली नाही. त्यानंतरच्या गणपतीत काकूंनी याच गॅलरीत मला फुगडीला ओढलं. पकवा त्यांचा टिकला, धाप मला लागली! पुढची काही वर्षं त्यांनी अशी गाजवली आणि मग हौसेने गावी राहायला गेल्या. तुमच्या घरात कुणी असं खोकत असेल, तर डॉक्टरांना नुसतं कामाचं सांगू नका, लाडाचं काय पाळलंय तेही सांगा.

काकूंच्या खोलीत आता नवं जोडपं आलंय. परवा सकाळी पलीकडे भांडी वाजत होती, आणि मध्येच नाक ओढल्याचा आवाज. माझा हात आपोआप भिंतीवर गेला. टकटक.

"काय हो? काही हवंय का?" घाबरलेला आवाज.

"चहा टाकलाय," मी म्हटलं, "ये गं."