गणपतीच्या पेणचे

माणूस कोणीही भेटो, आमचे समोरचे शेजारी आधी त्याचं गाव विचारायचे आणि आपलं सांगताना छातीवर हात ठेवायचे. "पेण. गणपतीचं पेण म्हायत हाय ना? तेच." खरं गाव पेणजवळचं जोहे. पण कॅनडात जोहे कोणाला कळणार? तसं पेण तरी कोणाला कळत होतं म्हणा!

रोह्याजवळ वरसे गावात आमच्या समोरचा फ्लॅट त्यांचा. रोह्याच्या एका कंपनीत फिटर होते, तिथून कॅनडाला गेले आणि परत यायचंच म्हणून हा फ्लॅट घेतला. जोह्याच्या घराचा भावानं मूर्तींचा कारखाना केलेला. त्यांच्या झोपायच्या खोलीतही गणपती वाळत असत. फ्लॅटची किल्ली माझ्याकडे. सुट्टीवर आले की गॅलरीत उभे राहून म्हणायचे, "पुढच्या वर्षी कायमचा येतो, वहिनी. इकडं आता काय कमी हाय?" आणि चहा संपायच्या आत वडखळच्या ट्रॅफिकला, खड्ड्यांना, धुळीला शिव्या.

"अहो, काय कमी ते तुम्हीच सांगताय की!" मी म्हणायची. त्यावर हसायचे. दुसऱ्या कोणी गावाला नावं ठेवली तर मात्र खवळायचे. असा एखादा तुमच्याही ओळखीत असेलच.

एकदा कॅनडाहून त्यांच्या मुलाचा फोन आला. शिक्षण झालं की भारतात येऊन नोकरी बघू का, असं तो विचारत होता. ते माझ्यासमोर म्हणाले, "नको. तिथंच रहा." फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला त्या दिवशी त्यांच्याकडे बघवेना.

मग तो गणपती. त्या वर्षी त्यांनी भावाकडून कॅनडाला मूर्ती मागवली आणि तिकडच्या मराठी मंडळींना दीड दिवसांच्या विसर्जनाला जेवायला बोलावलं. मागल्या अंगणात टब भरला. "बघत रहा," सगळ्यांना सांगितलं, "आमच्या पेणचा शाडू. जेवणं होईस्तोवर विरघळतो."

जेवणं झाली, पानं झाली. गणपती टबात होता तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच, सोंडेचा रंगसुद्धा गेला नव्हता. कोणीतरी गमतीनं म्हणालं, "पेणचा ना? टिकाऊ आहे हो!" ते हसणं त्यांच्या जिव्हारी लागलं.

पुढच्या सुट्टीत आले ते थेट जोह्याला. आमचा गणपती सांगून ठेवायचा होता, म्हणून मीही बरोबर होते. "प्लास्टरचा दिलास? मला?" दारातूनच विचारलं.

भावानं हातातला ब्रश खाली ठेवला नाही. "दादा, तूच फोनवर बोललास, विमानानं यायचा हाय, हलका दे. शाडू हलका असतो व्हय?"

मूर्तिकाराच्या घरात जन्मलेला माणूस! लहानपणी शाडूच्या गोण्या खांद्यावरून वाहिलेल्या. "लय वर्सं बाहेर राहिलो रे," एवढंच म्हणाले.

परतताना मी विचारलं, "मग त्या मूर्तीचं केलंत काय?"

"गॅरेजात ठेवलीय. हातानं फोडायची कशी, सांगा?"

गेल्या हिवाळ्यात ते तिकडेच गेले. झोपेतच, मुलानं कळवलं. अंत्यसंस्कारही तिकडेच झाले. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करता करता ते कायमचे आलेच नाहीत.

यंदा भाद्रपदात भाऊ शाडूची वीतभर मूर्ती घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "दादाच्या घरात बसवू या, वहिनी." मी कुलूप उघडलं, केर काढला. दुसऱ्या दिवशी गॅलरीतल्या बादलीत विसर्जन केलं, आम्ही दोघांनीच. आमची जेवणं व्हायच्या आत सोंड गेली, मग हात, मग नुसतं गढूळ पाणी राहिलं.

भाऊ बादलीत बघत होता. "बघ दादा," म्हणाला, "विरघळला." आणि तिथंच खाली बसून हमसून हमसून रडला.